फॅन पामची चारशे रोपं : जानेवारी २०२४ ते मे २०२५ च्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

मावसभावाचा फोन आला. तो अंदमानात बागा लावून देण्याची कंत्राटं घेतो. एका बेटावरच्या रिसॉर्टला फॅन पामची चारशे रोपं हवी आहेत. चार पानांवर आलेली, दीड वर्षाने दिली तरी चालतील. दर नगाला ९० रुपये, म्हणजे ३६,००० ची ऑर्डर. १०,००० आगाऊ लगेच खात्यावर आले. नाशकात मखमलाबाद रोडला घरामागे माझी छोटी नर्सरी आहे, तिला एवढी मोठी ऑर्डर आजवर मिळालेली नाही.

बिया फुकट मिळणार आहेत. गंगापूर रोडला बहिणीच्या सोसायटीत फॅन पामची सहा मोठी झाडं आहेत. लोक त्याला चायना पामही म्हणतात. लिव्हिस्टोना चायनेन्सिस, पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डरने लावलेली. सोसायटीच्या माळीकाकांनी शिडी लावून दोन घड कापले. फळं जांभळापेक्षा थोडी लहान, रंग निळसर हिरवा. काका चढले तेव्हा घडावरून एक ठिपक्यांची मादी कोकीळ उडाली. थंडीत ती गप्प असते म्हणून आधी लक्षातच आली नव्हती.

१६ जानेवारी

गर काढण्यातच तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी फळं तशीच गोणीत भरून ठेवली, ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी गोणी आतून गरम लागली आणि आंबूस वास सुटला. मग फळं दोन दिवस पाण्यात भिजवली, वाळू घालून पोत्यात चोळली आणि धुतली. १,००५ बिया निघाल्या. पाण्यावर तरंगणाऱ्या ११७ टाकून दिल्या, राहिल्या ८८८.

करणाऱ्यांनी फळं उतरवल्या दिवशीच भिजत घालावीत. हातमोजे हवेत. शिवाय कोवळ्या झाडांच्या देठांना उलटे काटे असतात, माझ्या मनगटावर त्यांचे तीन ओरखडे आहेत.

२० जानेवारी

टोमॅटोची रोपं करतात ते ९८ खणांचे सहा प्रोट्रे आणले. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून ५८८ बिया त्यांत लावल्या. उरलेल्या ३०० ओलसर कोकोपीटमध्ये कालवून एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे ठेवल्या. तिथे ऊब असते.

१२ फेब्रुवारी

ट्रेमध्ये काहीही नाही. रात्री अजून दहाच्या खाली जातं आणि मी ट्रे उघड्यावर शेडमध्ये ठेवलेत. बियांना उष्णता हवी असते हे मला माहीत होतं, तरी घाई केली. पाच-सहा बियांवर पांढरी बुरशी दिसली, ट्रायकोडर्मा हे जैविक बुरशीनाशक मारलं.

९ मार्च

पिशवी उघडली. बहुतेक बियांना पांढरा जाड कोंब आलाय, बोटभर लांब. हा कोंब वर येत नाही, सरळ खाली जातो. बी एका बाजूला राहते, कोंब जमिनीत खोल उतरतो आणि पहिलं पान त्या खोलवरच्या टोकातून वर येतं. पुढे या एकाच गोष्टीने मला तीनदा हिसका दिला, म्हणून ती इथे आधीच सांगून ठेवते.

२४ मार्च

पहिला हिसका. प्रोट्रेचा खण जेमतेम चार सेंटीमीटर खोल. ट्रेमधल्या ३९४ बिया उगवल्या होत्या, पण कोंब तळाला लागून वळले होते आणि बरेच तळाच्या भोकातून बाहेर येऊन वाळले होते. काढताना एकेक तुटत गेला. धड राहिली १७०. पिशवीतली २६१. दोन महिने आणि निम्म्याहून जास्त बिया एका उथळ ट्रेपायी गेल्या. फॅन पामला पहिल्या दिवसापासून फूटभर खोली लागते.

२ एप्रिल

दिंडोरी रोडला मार्केट यार्डाजवळ टोमॅटोचे जुने कॅरेट मिळाले, ६० रुपयाला एक. बारा घेतले. आतून जुनं शेडनेट लावलं, वर पोयटा, शेणखत आणि कोकोपीट यांचं मिश्रण. एका कॅरेटमध्ये छत्तीस रोपं बसतात. खोली पुरेशी, निचरा चांगला, दोघींनी उचलून हलवताही येतो. एवढ्या सगळ्या खटाटोपात कॅरेट ही एकच गोष्ट पहिल्या फटक्यात जमली.

११ मे

पारा चाळिशीच्या वर. पन्नास टक्के सावलीचं हिरवं नेट बांधलं, १,९०० रुपये. दिवसातून दोनदा पाणी. एका दिवशी लग्नाला सिन्नरला गेले आणि संध्याकाळचं पाणी राहिलं. दुसऱ्या दिवशी कडेच्या कॅरेटमधली सात रोपं टोकापासून तपकिरी झालेली. एक वेळ चुकली तर एवढं नुकसान, हे डोक्यात राहिलं.

१८ जून

पाऊस लागला. ४३१ पैकी ४१२ रोपं जिवंत. दोन बायकांना दोन-दोन दिवस लावून मोठ्या पिशव्यांमध्ये रोपं हलवली. ऑर्डरपेक्षा बारा जास्त आहेत. आज खूप बरं वाटलं.

७ जुलै

बहिणीकडे गेले होते. माळीकाका म्हणाले, "ताई, तुम्ही पैसे खर्चून रोपं करताय, इथं या की. फुकट उगवलीत." खरंच होती. पामच्या बुंध्याभोवती हिरव्या पात्यांचा गालिचाच. मी मोजली : १४३. मग काका मला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे कडुनिंब आहे, जवळच्या पामपासून सव्वाशे फुटांवर. त्याच्याखाली ३८ रोपं. पाण्याच्या टाकीजवळ, जिथे गळती आहे तिथे, आणखी २६, आणि त्यांतली काही दोन-तीन वर्षांची, पंख्यासारखी पानं धरलेली.

सव्वाशे फूट बी घरंगळत जात नाही. कडुनिंबाखाली माती उकरली तर गर एकदम स्वच्छ निघालेल्या बिया मिळाल्या, माझ्या वाळूने चोळलेल्या बियांपेक्षाही स्वच्छ. तेव्हा जानेवारीतली ती ठिपक्यांची मादी आठवली. कोकीळ मोठी फळं अख्खी गिळते, गर उतरवते आणि मोठी बी जवळपासच्या झाडावर बसून ओकून टाकते. लहान बिया पोटातून आणखी लांब नेते. चंदनाचा प्रसार ती करते हे वाचलेलं होतं. लिव्हिस्टोनाची फळंही ती खाते.

दुसरी गोष्ट मी घरी येऊन वहीत लिहिली. पार्किंगच्या कडेच्या कोरड्या पट्ट्यात याच वर्षीची एकपानी रोपं होती, पण एकही जुनं नव्हतं. जुनी फक्त ठिबकच्या नळीखाली आणि टाकीच्या गळतीपाशी. म्हणजे दर वर्षी बिया पडतात, पावसात उगवतात आणि चैत्र-वैशाखात मरतात. नाशकात या झाडाला आपला उन्हाळा आवरतो. नाशकात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, बाकी आठ महिने कोरडे. अंदमानात तीन हजारांच्या घरात, आणि तो मे ते डिसेंबर पुरतो. कोकीळही तिथे आहे.

रात्री झोप लागली नाही.

२१ जुलै

दोन आठवडे मिळेल तेवढं वाचलं. कामाचं तेवढंच इथे लिहिते.

बर्म्युडा बेटांवर हाच पाम आक्रमक वनस्पती म्हणून नोंदलेला आहे. तिथे बर्म्युडा पाल्मेटो नावाचा स्वतःचा पाम आहे, जगात दुसरीकडे कुठेही मूळचा नसलेला. चिनी पाम त्याची जागा खातो. ही बेटं आधीच पोळलेली आहेत : १९४० च्या दशकात बाहेरून आलेल्या खवले किडीने तिथले बहुतेक सगळे सीडार वृक्ष मारले.

फिजीत सुवा शहराजवळच्या पावसाळी जंगलात पिनांगा कोरोनाटा हा इंडोनेशियातला शोभेचा पाम बागेतून निसटला आणि झाडांच्या सावलीत दाट माजला. सावली सहन करतो म्हणूनच जंगल त्याला अडवू शकत नाही. हे वाचताना एक गोष्ट मला लागली. त्याच पिनांगा गटातला एक पाम, पिनांगा अंदमानेन्सिस, दक्षिण अंदमानात माउंट हॅरिएटच्या परिसरात तग धरून आहे आणि जगात मोजकीच झाडं उरली आहेत. एकाच गटातला एक पाम एका बेटाला नकोसा झालाय, दुसरा दुसऱ्या बेटावर संपत आलाय.

आणि माझा फॅन पाम काही वाईट झाड नाही. जपानच्या दक्षिणेला आओशिमा नावाचं लहानसं बेट आहे, ते याच पामच्या राईने भरलंय. तिथे त्याला बिरो म्हणतात आणि ती राई राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जपलेली आहे. दक्षिण चीनमध्ये याच पानांचे पंखे करतात. आपल्या घरी झाड शहाणं असतं. तिथे त्याला खाणारे, कुजवणारे, जागेसाठी भांडणारे सगळे ओळखीचे असतात.

नाशकात ज्याला आपण सगळेच सरसकट बॉटल पाम म्हणतो तो खरं तर बहुतेक ठिकाणी क्यूबाकडचा रॉयल पाम असतो. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. तिथे माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी रोपं खाऊन टाकली, जंगलात बोटांवर मोजण्याइतकी झाडं उरली होती. शेळ्या १९७९ साली संपवल्या, ससे १९८६ साली, तेव्हा कुठे नवी रोपं दिसू लागली. बेटावर एखादी गोष्ट नेणं चार दिवसांचं काम, ती परत काढायला लोकांची आयुष्यं जातात.

२८ जुलै

भावाला फोन केला. वाद झाला, आवाज चढले.

"ताई, चारशे झाडांनी काय होतंय? तिथे नारळ-सुपारीची बनं आहेत."

मी म्हटलं, "नारळ कोकीळ गिळत नाही. आणि चितळ तरी किती नेले होते रे ब्रिटिशांनी?" हे त्याला चांगलं माहीत आहे. शिकारीसाठी सोडलेले चितळ आज अंदमानच्या जंगलात कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत, हे त्यानेच मला दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "तू नाही दिलीस तर ते दुसरीकडून घेतील." हे खरं आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की माझ्या हातची जाणार नाहीत.

आमच्या यांचं (नवऱ्याचं) म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, आगाऊ घेतलेत, शब्द दिलायस. त्या रात्री जेवताना कोणी बोललं नाही.

३ ऑगस्ट

१०,००० परत केले. माझा खर्च पुढच्यांना अंदाज यावा म्हणून लिहिते : कोकोपीट ५७०, प्रोट्रे १५०, कॅरेट ७२०, नेट १,९००, पिशव्या ६८०, पोयटा आणि शेणखत २,६००, मजुरी २,०००, ट्रायकोडर्मा १८०. एकूण ८,८००. नेट आणि कॅरेट कामाला येतील, बाकी गेले. माझ्या सात महिन्यांचा हिशोब यात नाही.

आधी झाडाची माहिती काढायची आणि मग बी गोळा करायची, हा क्रम मी उलटा केला. संध्याकाळी दोन तास बसून वाचलं असतं तर हे सगळं जानेवारीतच थांबलं असतं.

१० ऑगस्ट

६० रोपं ठेवली. ती नाशकातच, ऑफिस आणि हॉलमधल्या कुंडीसाठी देणार. घरात सावलीत ती वर्षानुवर्षं फळावर येत नाहीत. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी : नदी-नाल्याकाठी, शेतातल्या ठिबकजवळ लावू नये.

३५२ रोपं संपवायची होती. हात धजावत नव्हता. एकेकाला मार्चपासून ओळखत होते. शेवटी पिशव्या फाडून रोपं खताच्या खड्ड्यात टाकली.

८ सप्टेंबर

दुसरा हिसका. खड्ड्यात रोपं हिरवीगार. भर पावसात ओल्या शेणखतात टाकल्यावर दुसरं काय होणार? बऱ्याच रोपांनी मुळं धरलीत, काहींना नवीन पान आलंय. सगळी उपसून बाहेर काढली. आता स्लॅबवर पसरून उन्हात सुकवणार.

१५ सप्टेंबर

सोसायटीतली रोपं काढायला सुरुवात. बहिणीने कमिटीकडून परवानगी काढली. काही जणांना ते पटलं नाही. "हिरवळ छान दिसते, कशाला काढता?" असं एक काकू म्हणाल्या. त्यांना कोकिळेचं सांगितलं, गोदावरीच्या काठापर्यंत बिया जायला वेळ लागणार नाही, सोमेश्वरच्या बाजूला बारमाही ओल असते हेही सांगितलं. काकू मग स्वतः खुरपं घेऊन आल्या.

चौघांनी तीन तासांत विळ्याने २०७ रोपं कापली. वेगात झालं.

६ ऑक्टोबर

तिसरा हिसका, आणि हा कुणालाही बसू नये. विळ्याने कापलेल्यांपैकी बहुतेक सगळी पुन्हा फुटली आहेत. अर्थातच फुटणार. वाढीचं टोक जमिनीखाली आहे हे मार्चमध्ये मीच लिहून ठेवलं होतं, आणि तरी लोकांच्या हातात विळा दिला. एक रविवार आणि चार माणसांचे श्रम वाया.

घरी स्लॅबवरची रोपं मात्र तीन आठवड्यांत कडक वाळली. ती आता बिनधास्त खड्ड्यात गेली.

१७ नोव्हेंबर

या वेळी पहार आणि खुरपं. पद्धत अशी : आदल्या दिवशी पाणी सोडून माती मऊ करायची. रोपाच्या बाजूला वीतभर खोल पहार घालून हलवायची आणि मग रोप खालून धरून ओढायचं. बी आणि मुळाचा जाड भाग दोन्ही हातात आले तरच काम झालं. पान तुटून आलं तर पुन्हा खणायचं. एकपानी रोपाला अर्धा मिनिट, टाकीजवळच्या तीन वर्षांच्या रोपाला वीस मिनिटं लागली. पहिल्या वर्षी काढलं तर हाताने निघतं, तिसऱ्या वर्षी कुदळ लागते.

कोरड्या पट्ट्यातली वीस मुद्दाम ठेवली. ठिबकखालची बारा ठेवली. काड्या रोवून खुणा केल्या. उन्हाळ्यानंतर बघायचंय.

भेर्ली माडाचं एक लहान रोप चुकून कोणीतरी उपटत होतं, ते वाचवलं. तो आपल्या सह्याद्रीतला, पान माशाच्या शेपटीसारखं. शिंदीची दोन रोपं कुंपणाला होती, तीही ठेवली. पाम दिसला की उपट, असं नको.

१२ जानेवारी २०२५

घड पुन्हा निळसर व्हायला लागले. सहा झाडांवर एकोणीस घड. माळीकाका आणि एक पोऱ्या, दोघांचे मिळून १,६०० रुपये, सोसायटीने दिले. जुनी लोंबणारी पानंही कापून टाकू असं ठरलं होतं. काका तिसऱ्या झाडावर चढले आणि तिथूनच हाक मारली. एका पानाच्या शिरा कुरतडून पान तंबूसारखं खाली मोडलेलं, आणि आत लहान फळखाऊ वटवाघळं लटकलेली, पाच की सहा. काकांनी कोयता खाली टाकला. पानं तशीच ठेवली, फक्त घड उतरवले. एका झाडावर ताड-पाकोळीही ये-जा करते, तिथल्या पानांनाही हात लावला नाही.

उतरवलेले घड गोणीत घालून उन्हात. गर नुसता सुकून भागत नाही, बी जिवंत राहते. म्हणून चुलीत जाळले.

समोरच्या कडुनिंबावर कोकीळ होतीच. दहा मिनिटांत दोनदा मान झटकून बी खाली टाकताना पाहिली. मागच्या वर्षी जे बियांवरून ताडलं होतं ते या वेळी डोळ्यांनी दिसलं.

२ मार्च

भावाचा फोन. सात महिन्यांनी. रिसॉर्टने रोपं दुसरीकडून आणली, दीडशेच, समुद्राच्या बाजूला स्थानिक नर्सरीतले नारळ लावले. दीडशे गेलीच. तो म्हणाला, "ताई, देखभालीच्या करारात काय लिहू ते सांग." मी फोनवरच सांगितलं : फुलोरा दिसला की फळ धरण्याआधी कापायचा, दर वर्षी, न चुकता. झाडाखालची आणि शंभर-दीडशे फुटांतल्या मोठ्या झाडांखालची रोपं पावसाळ्यात दोनदा मुळासकट काढायची. घड जंगलाच्या कडेला टाकायचे नाहीत. फळावर यायला या झाडांना अजून बरीच वर्षं आहेत, तोपर्यंत मॅनेजर दहा बदलतील, म्हणून करारात लिहिणं गरजेचं. त्याने लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं.

४ मे

सोसायटीत नवे फुलोरे आले, पिवळसर, पानांच्या बगलेतून. या वेळी फळं धरेपर्यंत थांबलो नाही. फुलोरा कोवळा असताना कोयत्याच्या एका घावात पडतो, वजन नाही, गर नाही, जाळायचं काम नाही. अर्ध्या दिवसात सहाही झाडं झाली. ७०० रुपये. हे दर वर्षी मे महिन्यात करायचं असं कमिटीच्या वहीत लिहून घेतलं.

२० मे

काड्या रोवलेली रोपं पाहिली. कोरड्या पट्ट्यातली वीस : एकोणीस मेली, एक पिवळं पडलंय. ठिबकखालची बारा : बाराही जिवंत, दोघांना तिसरं पान.

बाराही आज पहारीने काढली. ते पिवळं एक राहिलंय. पाऊस आला की ते सावरतं का, हे जूनमध्ये बघते.